एकदाच विचारणारी माणसं

माझ्या आईला टीव्हीतला एक डॉक्टर आवडायचा. सरळ 'आवडायचा' असंच म्हणतो, कारण वडिलांसमोर तिने दुसऱ्या कुणा पुरुषाची एवढी बाजू घेतलेली मी कधी पाहिली नाही. मालिका हिंदी होती. रात्री नवा भाग लागायचा तेव्हा आई पेंगत असायची, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पुन्हा दाखवायचे तो ती बघायची. भांडी आवरून, हात पदराला पुसत यायची आणि पलंग रिकामा असला तरी खाली फरशीवर बसायची. डॉक्टरसमोर वर कसं बसायचं, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

तो डॉक्टर म्हणजे एक नंबरचा उर्मट माणूस. हाताखालच्या पोरापोरींचा चारचौघांत पाणउतारा करायचा, नातेवाइकांना खोलीबाहेर हाकलायचा, इस्पितळाच्या मालकालाही दारात ताटकळत ठेवायचा. केसांना कंगवा ठाऊक नाही, बुटाची एक नाडी कायम सुटलेली. आईने त्याचं नाव ठेवलं होतं, खवीस. "आला बगा खवीस," असं ती म्हणायची, आणि ते घरचं माणूस शेतातून आल्यासारखं म्हणायची. वडील फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांचा सगळा राग त्या सुटलेल्या नाडीवर. आमच्या पलटणीत असता तर ऊन डोक्यावर येईस्तोवर उभा केला असता, असं ते दर भागाला म्हणायचे आणि शेवटपर्यंत बघायचे.

मालिकेत रोज एखादा रोगी यायचा, त्याचा रोग कुणालाच सापडत नसे. मग खवीस सगळ्यांना बाहेर घालवून रोग्याच्या पलंगावर बसायचा आणि विचारायचा, काय होतंय. रोगी काहीबाही सांगायचा. हा मान हलवायचा आणि म्हणायचा, "हे झालं पाहुण्यांना सांगायचं. आता मला सांगा." रोगी पहिल्यापेक्षा थोडं जास्त सांगायचा. हा पुन्हा तेच म्हणायचा. तिसऱ्या खेपेला मात्र रोग्याच्या तोंडून खरं निघायचं. कुणाला नवरा मारत असे, कुणी चोरून दारू पीत असे, कुणी मेलेल्या भावाची औषधं खात असे. नेमका तिथेच रोगाचा धागा सापडायचा.

मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत मराठी शिकवतो. सांगलीकडच्या आमच्या गावी यायचं ते दिवाळीत आणि मेमध्ये. आलो की मास्तरकी बरोबर घेऊनच येतो, ती काही शाळेत टांगून येत नाही. म्हणून मी आईला समजावायचो की, बाई गं, खऱ्या डॉक्टरच्या दारात जत्रा असते. एका रोग्याच्या उशाशी हा तासभर बसला तर बाकीच्यांनी काय करायचं? शिवाय असलं बोलणाऱ्या डॉक्टरचं आपल्याकडे लोक डोकं फोडतील. आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणायची, "नसंना का खरं. इचारतोय तर."

त्या 'इचारतोय'मागे काय होतं ते कळायला आमच्याकडचा चहा ठाऊक असायला हवा. पाहुण्याला चहा विचारला की पाहुणा म्हणतो, नको, आत्ताच झालाय. पुन्हा विचारलं की म्हणतो, नको, कशाला उगाच. तिसऱ्यांदा यजमानाने 'टाकलाय आता' म्हटलं की मगच पाहुणा जरा सैल होऊन बसतो. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट, आणि पहिल्या 'नको'वर थांबणारा चिक्कू. एकदा आई पाचगणीला आली असताना तिला एका सहकाऱ्याच्या घरी नेलं. चहा घेणार का, असं त्यांनी अगदी अगत्याने विचारलं. आई नको म्हणाली. त्यांनी बरं म्हटलं आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. आई कोरड्या घशाने परत आली. चांगली माणसं होती, पण आईच्या लेखी त्यांचा निकाल लागला. "एकदाच इचारत्यात ती," एवढंच ती म्हणाली.

दुखण्याचंही तसंच. कसं काय, बरं हाय. आमच्याकडे मरणाच्या दारातला माणूसही आधी बरं हाय म्हणतो, आणि मग विचारणाऱ्याने खोदायचं असतं. मराठी शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, 'बरं' हा आपल्या भाषेतला सगळ्यात खोटारडा शब्द आहे. मला त्याचा आता संताप येतो.

दोनेक वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईची कंबर धरली. उठताना भिंतीचा आधार घ्यायला लागली, म्हणून वडिलांनी तिला तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. मीही गेलो. दवाखान्याच्याच आळीत दुसरा एक तरुण, मऊ बोलणारा डॉक्टर बसायचा. त्याच्याकडे काळं कुत्रं फिरकत नसे. आम्ही गेलो तो नामांकित तापट. रोग्यांवर खेकसायचा, आणि तो जितका खेकसे तितकी बाहेरची गर्दी वाढे. वडील म्हणाले, "तापट हाय, पर हाताला गुण हाय." आमच्या भागात हे दोन्ही एकाच माणसात असतात, अशी सगळ्यांची खात्रीच आहे. सौम्य बोलणाऱ्याला काही येत नसणार, असं आपलं गणित. आईलाही ते पटलेलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून आतला आरडाओरडा ऐकताना तिचा चेहरा उजळला होता. आपल्यालाही खवीस भेटला, असं तिला वाटलं असणार.

आत गेल्यावर आई स्टुलावर बसली. वडील एका बाजूला, मी दुसऱ्या. काय होतंय, असं डॉक्टरने विचारलं आणि वडिलांनी उत्तर दिलं, कंबर दुखती. कधीपासून, तेही वडिलांनीच सांगितलं. मग डॉक्टरने लिहिता लिहिता विचारलं, आणखी काही?

आईने वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. "बाकी बरं हाय."

डॉक्टरने कागद फाडून वडिलांच्या हातात दिला. वडील उठले, मी उठलो. आई उठली नाही. ती डॉक्टरकडे बघत, किंचित हसत तशीच बसून राहिली. मला वाटलं, झालं हे तिला समजलंच नाही. "काय मावशी, मुक्काम करताय का?" डॉक्टर ओरडला, तेव्हा ती घाबरून उठली. बाहेर येऊन चपला शोधताना ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "ह्यो नुसताच खेकसतोय."

वडिलांनी म्हंजे काय, असं विचारलं. ती चपला घालून पुढे निघाली.

कंबरेच्या गोळ्या सुरू झाल्या. मी पाचगणीला परतलो. फोनवर आई बरं हाय म्हणायची, वडील बरी हाय म्हणायचे. पुढच्या मेमध्ये घरी आलो तर आईचा ब्लाऊज खांद्यावरून ओघळत होता. गोठ्यामागच्या दोरीवर जुन्या लुगड्यांचे फाडलेले तुकडे वाळत असायचे. एवढे कशाला म्हटल्यावर, फडकी लागत्यात की घरात, असं ती म्हणाली. खवीस मात्र रोज चालू होता. तो पलंगावर बसला की आई गुडघ्याला मिठी घालून पुढे सरकायची, आणि रोगी खरं बोलून मोकळा झाला की तिचा श्वास सुटायचा. रोगी पुढे जगला का मेला, ते बघायला ती थांबायचीही नाही. उठून चहा टाकायला जायची.

त्याच महिन्यात एका सकाळी ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर चक्कर येऊन पडली. तालुक्याच्या डॉक्टरने डोळ्याची पापणी ओढून बघितली, अंगात रक्त नाही म्हणाला आणि मिरजेला न्यायला सांगितलं.

मिरजेला आमच्या वाट्याला एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. आवाज घोगरा, चष्मा कपाळावर, तोंड फटकळ. पहिल्यांदा त्यांनी वडिलांना झापलं, आजारी बाईला चालवत का आणलं म्हणून. आईला काय होतंय ते मी सांगायला लागलो तर मला म्हणाल्या, "कंबर तुमची दुखतेय का? मग गप्प बसा." आणि लगेच आम्हा दोघांनाही बाहेर काढलं. दार नीट लागत नव्हतं. आम्ही बाहेर भिंतीला टेकून उभे राहिलो आणि आतलं सगळं ऐकू येत राहिलं.

"काय होतंय?"

"कंबर दुखती."

"आणखी?"

"आणखी काय न्हाई. बरं हाय."

"बरी असलेली माणसं माझ्याकडं येत नाहीत, मावशी. काय होतंय?"

"वाईच अशक्तपणा हाय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज खाली आला होता, पण चिडलेलाच होता. "मी काही इथनं उठत नाही. बाहेर रांग लागू दे. सांगा मला."

"अंगावर जातंय, बाई," आई म्हणाली. "पाळी जाऊन लय वर्सं झाली. तरी परत जातंय. थांबतच न्हाई बगा." आणि मग ती बोलतच राहिली. वासाचं सांगितलं, फडक्यांचं सांगितलं, रात्री वडिलांपासून अंथरूण लांब कसं घातलं तेही सांगितलं. एवढं सलग बोलताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं. वडील सावधानमध्ये उभे राहिल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तपासून झाल्यावर बाईंनी आम्हाला आत घेतलं. तुकडा तपासायला पाठवते, पण मला दिसतंय ते वाईट आहे, असं त्यांनी आईसमोरच सांगितलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आणि तो तिथे थांबलेला नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर पुष्कळ करता आलं असतं. वडील हळू म्हणाले, "मला बोलली न्हाई ती."

"तुम्ही विचारलंत?" बाई म्हणाल्या.

वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. विचारलं तर मीही नव्हतं.

बाहेर आल्यावर आई आमच्या पुढे चालायला लागली. दवाखान्यासमोर चहाची टपरी होती. मी सवयीने विचारलं, आई, चहा? "घेते," ती म्हणाली. पहिल्याच विचारण्याला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. कॅन्सर झालाय असं नुकतंच सांगितलेल्या बाईचा तो चेहरा नव्हता. लग्नाघरी मानाचं आसन मिळालेल्या बाईसारखी ती त्या बाकड्यावर बसली होती. "बगितलंस? तीनदा इचारलं तिनं," ती मला म्हणाली. "उटली न्हाई." मला तिचा राग आला. अगदी डोकं फिरेल इतका आला. मग आधी का बोलली न्हाईस, असं मी दातओठ खाऊन विचारलं. तिने चहा बशीत ओतला, फुंकला आणि म्हणाली, "आधी कुटं कोण बसलं हुतं?"

मिरजेतच कॅन्सरवरचे किरणांचे शेक झाले. त्याने रक्त थांबलं, पण बाकी काही थांबलं नाही. बाईंनी एक दिवस मला बोलावून घेतलं आणि आता घरी न्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या कुणावरच चिडल्या नाहीत. तेव्हाच मी समजलो.

घरी वडिलांनी आईचा पलंग टीव्हीसमोर आणला. आता ते तिला विचारायला शिकले होते. फौजेतल्या माणसाने एखादी गोष्ट ड्युटी म्हणून घेतली की ती तो चुकवत नाही. पलंगाच्या कडेला बसायचे आणि विचारायचे, दुखतंय का. आई नाही म्हणायची. ते पुन्हा विचारायचे. मी सुट्टी काढून घरी होतो, त्यामुळे हे रोज बघायचो. बघवत नसे. विचारणं आता आलं होतं, पण त्याच्या पलीकडचं काहीच हाताशी नव्हतं.

एका दुपारी असंच झालं. दुखतंय का म्हटल्यावर बरं हाय म्हणाली. पुन्हा विचारल्यावर वाईच हाय म्हणाली. वडिलांनी तिसऱ्यांदा विचारलं, "खरं सांग मला."

"लय दुखतंय," आई म्हणाली. "लय. सोसत न्हाई आता."

गोळीची वेळ व्हायची होती. वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं. काय करावं ते न सुचून त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही लावला. दुपारची वेळ, खवीस चालूच होता. कुण्या पोरीच्या पलंगावर तो बसला होता आणि ती मान खाली घालून काहीतरी लपवत होती. आईने थोडा वेळ बघितलं. मग तिने हाताने नको अशी खूण केली.

"बंद करा ते," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, माजं इचारून झालं. ज्यांचं ऱ्हायलंय त्यांच्याकडं जा."

वडिलांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट हातात धरून ते तिच्याजवळ बसून राहिले.