पाटे बघ, पाटे

गेल्या दहाबारा वर्षांत जगाच्या पाठीवर जेवढे म्हणून मोठे सिनेमे निघाले, त्यांतला एकही आमच्या भावोजींना आवडलेला नाही, आणि त्यांतला एकही त्यांनी बघायचा सोडलेला नाही. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की दुपारच्या खेळाला, कडेच्या खुर्चीत, मांडीवर हेल्मेट घेऊन हा माणूस बसलेलाच. चांगला सिनेमा बघायला जाणारे पुष्कळ असतात. सिनेमा वाईट आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायला सुर्ल्याहून पर्वरीपर्यंत स्कूटर हाकणारा माणूस मी हा एकच पाहिला. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई आमच्या मोरजीची, समुद्राच्या वाऱ्यात वाढलेली. तिला दिली सुर्ल्याला, जिथे तेव्हा दिवसभर खनिजाचे ट्रक धावायचे आणि वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळी लाल धुळीने गुलाबी होऊन घरात यायची. त्या ट्रकांतला एक भावोजींचा स्वतःचा होता. खाणीवर भरायचा, जेटीवर नेऊन ओतायचा, परत खाणीवर जायचं. वीस वर्षं त्यांनी एवढंच केलं आणि ते फार उत्तम केलं, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

मग खाणी बंद पडल्या आणि भावोजी सिनेमाला लागले. आसपासचे काहीजण दारूला लागले होते, त्यामानाने हे बरं म्हणून ताईने देवीपुढे नारळ ठेवला. पुढच्या शुक्रवारी ती त्यांच्याबरोबर सिनेमाला गेली, आणि तो नारळ परत मागून घ्यावा असं तिला वाटलं. कारण भावोजी सिनेमा बघत नाहीत, तपासतात, आणि तपासणीचा अहवाल तिथल्या तिथे, मोठ्या आवाजात देतात. ताई पुन्हा कधी गेली नाही. ते काम माझ्याकडे आलं. मी पेडण्याला शाळेत शिकवते, शाळा एकला सुटते, आणि लग्न न केलेल्या बाईला शुक्रवारी दुपारी दुसरं काय काम असणार असं आमच्या घरात सर्वांनी परस्पर ठरवलेलं आहे.

भावोजींकडे सिनेमा मोजायची एकच फूटपट्टी आहे आणि ती ट्रकची आहे. मोठा सिनेमा म्हटला की त्यात ट्रक येतोच. नायक तो एका हाताने थांबवतो, नाहीतर त्याच्या टपावर उभा राहून मारामारी करतो, नाहीतर दाढीवरून हात फिरवत त्याच्याकडे नुसता बघतो आणि ट्रक आपण होऊन उलटतो. थिएटरातली माणसं शिट्ट्या मारत असतात. अशा वेळी कडेच्या खुर्चीतून शांत, स्वच्छ आवाजात निकाल येतो, "गाडी रिती." आणि माझ्या बरगडीत कोपर बसतं, "पाटे बघ, पाटे."

हे पाटे म्हणजे ट्रकच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडी रिकामी असली की त्या भुवईसारख्या वाकलेल्या राहतात, आणि पुरता माल भरला की दबून सरळ होतात. हे एकदा कळलं की सिनेमा बघण्यातली सगळी मजा जाते, ती माझी केव्हाच गेली आहे. खलनायक म्हणतो, या ट्रकात दोनशे मण सोनं आहे, आणि तो ट्रक खड्ड्यातून लहान मुलाच्या खेळण्यासारखा उडत जातो. एकदा पुढच्या रांगेतला एक चांगल्या कपड्यांतला गृहस्थ मागे वळून म्हणाला, "अंकल, मूव्ही आहे ही." भावोजींनी त्याला विचारलं, "सिनेमा आसा म्हणान काय गाडी हलकी होता?" त्याने मध्यंतरानंतर जागा बदलली.

ट्रक नसलेले सिनेमे आले तर भावोजींची पंचाईत होईल असं मला आधी वाटायचं. ते माझं अज्ञान. ते परदेशी सिनेमे असतात ना, ज्यांत घट्ट कपडे घातलेले पाचसहा जण जग वाचवताना एक आख्खं शहर पाडतात, तिथे भावोजी ढिगाऱ्याकडे बघत बसतात. जग वाचलेलं असतं, नायिका रडत असते, आणि हे बोटांवर मोजत असतात. हा ढीग उचलायला दहा चाकी गाडीच्या किती ट्रिपा लागतील, ओतायचा कुठे, आणि पावसाळा तोंडावर असला तर काय, याचा विचार त्या सहा जणांतल्या एकानेही केलेला नसतो. भुताच्या सिनेमांना तर त्यांच्याकडे क्षमाच नाही. कपाटातून किंचाळत अंगावर येतं ते भूत कसलं, असं ते म्हणतात. गावचा देवचार खांद्यावर कांबळं टाकून, हातात काठी घेऊन पिढ्यानपिढ्या वेस राखतो, त्याने आजवर कुणावर आवाज चढवलेला नाही. एकदा समुद्रातून निघालेल्या अजस्र प्राण्याचा सिनेमा होता. तो प्राणी वर यायच्या आधी पंधरा मिनिटं ढोल वाजत होते. भावोजी मला म्हणाले, तुमच्या मोरजीला एक कासवीण अंडी घालायला येते तर किनाऱ्यावरचे दिवे घालवून माणसं श्वास रोखून बसतात, आणि हा एवढ्या गलक्यात वर आला म्हणजे बहिरा असणार. यावर मी हसले, आणि पुढची मारामारी मला गंभीरपणे बघता आली नाही.

खरं सांगायचं तर हे सिनेमे मलाही सहन होत नाहीत. तीन तास बसवून घेतात आणि शेवटी सांगतात की खरी गोष्ट दुसऱ्या भागात आहे. नायक दाराच्या उंबरठ्यापासून खुर्चीपर्यंत चालायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात पेज शिजेल. प्रत्येक नायकाची आई मरते आणि तीही सावकाश मरते. नेमक्या त्या वेळी भावोजी हेल्मेटमध्ये हात घालतात. थिएटरात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण दारावरची बाई पिशव्या तपासते, हेल्मेट तपासत नाही. त्यात रुमालाखाली पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, चार काकणं असतात, ती बांगडीच्या आकाराची कडक भाजलेली. आई शेवटचे शब्द बोलत असते आणि आमच्या रांगेत कुर्रम कुर्रम सुरू होतं.

जगातल्या सगळ्या गाड्यांना रिती म्हणणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी मात्र घराशेजारच्या मांगरात, छपराखाली, सगळ्यांत रिती उभी होती. रोज सकाळी सातला ते मांगरात जायचे आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. शेजारची माणसं त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायची. खाणी पुन्हा सुरू होणार अशी बातमी अधूनमधून यायची, तेव्हा ते टायरांत हवा भरून आणायचे. पण खाणींआधी गाडीचंच वय झालं. कागद संपले, रस्त्यावर काढायची सोय राहिली नाही. डिचोलीचा भंगारवाला तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा भावोजींनी त्याला चहा दिला, तो गाडी गॅसने कशी कापणार हे नीट विचारून घेतलं, आणि त्याला परत पाठवलं. शेवटी पावसात मांगराचं छप्पर एका बाजूने खाली आलं. ताईने सांगून टाकलं की चतुर्थीच्या आत काय तो निकाल लावा. त्या महिन्यात भावोजी दोन शुक्रवार सिनेमाला आले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

आणि ज्या धंद्याला त्यांनी इतकी वर्षं नावं ठेवली तोच धंदा त्यांच्या दारात आला. गावाजवळच्या बंद खाणीच्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलं आहे. तिथे कुठल्यातरी मोठ्या सिनेमाचं चित्रीकरण होणार होतं आणि त्यांना कड्यावरून खाली ढकलायला एक जुना ट्रक हवा होता. मुंबईची एक मुलगी मांगरात येऊन बघून गेली. ताईने फोनवर मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. मी फोन भावोजींना द्यायला लावला आणि म्हटलं, "भावोजी, आता तुमची गाडी पण सिनेमात रितीच पडतली." त्यांनी फोन तसाच ताईच्या हातात दिला. जीभ चावून घ्यावीशी वाटण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात पुष्कळ आले, पण हा त्यांतला पहिल्या नंबरचा.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी त्या मुलीला आपली अट कळवली. गाडी देतो, पण भरून पडली पाहिजे. चित्रीकरणाच्या दिवशी मी रजा टाकून गेले, तेव्हा कड्यावर त्याचाच वाद चालला होता. मुलगी बिचारी उन्हाने लाल झाली होती. ती समजावून सांगत होती की भरायला अर्धा दिवस जाईल, कॅमेरा लांब आहे, पडद्यावर ट्रक तीन सेकंद दिसणार, आत माल आहे की नाही हे बघणार कोण.

"मी बघतलंय," भावोजी म्हणाले. "रिती गाडी मी पडाक देवचंय नाय."

तेवढ्यात त्यांचा स्टंट मास्तर लंगडत आला. दक्षिणेकडचा, म्हातारा, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्याला आमची भाषा येत नव्हती आणि भावोजींना त्याची. भावोजींनी त्याला चाकाजवळ नेलं, वाकून पाट्यांवर बोट ठेवलं आणि तळहात खाली दाबून दाखवला. म्हातारा कष्टाने खाली बसला. त्याने पाट्यांवरून हात फिरवला, वर भावोजींकडे बघितलं, आणि मुलीला दोनच शब्द सांगितले. मुलीने कपाळावर हात मारला आणि माती भरायचं यंत्र मागवलं. खनिजाला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती, तेव्हा बाजूच्या ढिगातली लाल माती भरली. ती भावोजींनी वर चढून फावड्याने सारखी केली. ताडपत्री ओढून चारी कोपरे बांधले. दहा वर्षांत पहिल्यांदा पाटे सरळ झाले. मग ते आत बसले आणि गाडी चालवत कड्याजवळच्या चुन्याच्या खुणेपर्यंत घेऊन गेले. उतरण्याआधी त्यांनी दोन्ही काचा वर केल्या, आत धूळ जाऊ नये म्हणून. वीस वर्षांची सवय. ते बघितलं आणि मला तिथे उभं राहवेना.

गाडी पडताना त्यांनी बघितली नाही. डोंगराकडे तोंड करून, पाठीमागे हात बांधून उभे राहिले. आवाज झाला, मग बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. त्यांनी मला एवढंच विचारलं, "सरळ गेली?" मी सांगितलं, सरळ गेली. खरं म्हणजे मीही डोळे मिटले होते.

वर्षभराने तो सिनेमा लागला. सुर्ल्याहून दोन गाड्या भरून माणसं आली, ताईसुद्धा नवी साडी नेसून आली. आणि पडद्यावर सुर्ला कुठेच नव्हतं. आमच्या लाल खाणीचा त्या लोकांनी परदेशातला बर्फाचा डोंगर केला होता. हिरव्या पाण्याचा बर्फ केला होता. गाडी निळी केली होती आणि कपाळावरचं देवीचं नाव पुसून तिथे कसली तरी परकी अक्षरं बसवली होती. पाठलाग सुरू झाला, एकामागून एक निळे ट्रक धावायला लागले, आणि सवयीने माझी नजर खाली गेली. पहिला रिता. दुसरा रिता. तिसरा तर उड्या मारत होता. भावोजींनी हेल्मेटमधून काकण काढलं. चौथा कड्यावर आला, आणि त्याचे पाटे आडव्या रेघेसारखे सरळ होते.

"भावोजी," मी म्हटलं, "भरलेली."

त्यांच्या हातातलं काकण हातातच राहिलं. गाडी नाक खाली करून, जराही न हेलकावता गेली. तीन सेकंद. त्यांनी ती पडताना तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"सरळ गेली गे," ते म्हणाले. मोठ्याने नाही, माझ्यापुरतं.

गावची माणसं नावांच्या पाट्या संपेपर्यंत सुर्ल्याची वाट बघत बसली. मग बाहेर येऊन कुरकुरू लागली की तुमची गाडी कापून टाकलेली दिसते, उगाच यायला लावलंत. ताईलाही ती ओळखता आली नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं तर भावोजींनी नकारार्थी मान हलवली. सिनेमा कसा होता म्हणून कोणी विचारलं, त्यावर ते म्हणाले, फालतू.

मांगर आता मोकळा आहे. ताई तिथे कपडे वाळत घालते, पांढरे सुद्धा. सकाळी सातला भावोजी अजून तिकडे जातात आणि दहा मिनिटं उभे राहून येतात, असं ती सांगते. शुक्रवारही चुकत नाहीत, फक्त हल्ली बोलत नाहीत. परवाच्या सिनेमात नायकाने सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला म्हणून एक ट्रक खांद्याने उलटवला. पाटे भुवईसारखे वर. मी कोपराची वाट बघितली. काही आलं नाही. थिएटर शिट्ट्यांनी भरून गेलं आणि मला ते सहन होईना. मीच मोठ्याने म्हटलं, "गाडी रिती."

पुढच्या रांगेतली तीनचार डोकी मागे वळली. भावोजींनी माझ्याकडे बघितलं.

"पाटे बघितलेस?"

"बघितले."

त्यांनी हेल्मेट माझ्याकडे सरकवलं. त्यात एकच काकण उरलं होतं.