बॅलन्सिंगवाले काका आणि माझे सहा विषय

जगात कुठेही काहीही थरथरत असेल तर त्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो बरखेड्याला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होता. काका मूळचे ग्वाल्हेरचे. कारखान्यात भल्यामोठ्या चक्रांचा तोल तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. चक्र फिरवायचं, ते किती थरथरतं ते मोजायचं, हलक्या बाजूला वजन लावायचं आणि तोल पक्का झाला की चिठ्ठी बांधून सही करायची. या सहीसाठी मोठमोठे साहेब त्यांच्या टेबलाशी ताटकळत. एकदा महिनाअखेरीला एक थरथरणारं चक्र तसंच पाठवायची फार घाई होती, तेव्हा काकांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि ते सरळ जेवायला घरी आले. आमचे बाबा ड्रॉइंग ऑफिसात होते. ही गोष्ट ते पाहुण्यांना इतक्या अभिमानानं सांगत की जणू पेन त्यांनीच खिशात ठेवलं होतं.

हे सगळं कारखान्यात सोडून आले असते तर काकू सुखात राहिल्या असत्या. पण काका बाजारातून दोन किलो बटाटे आणायचे तर स्कूटरच्या दुसऱ्या बाजूला लटकवायला दोन किलो कांदे घ्यायचेच, घरात कांद्यांचा ढीग असला तरी. मेथीची एक जुडी सांगितली की तिच्या वजनाचं दुसरं काय घ्यावं या विचारात ते अर्धा तास बाजारात उभे राहत. "सप्तपदीच्या वेळीसुद्धा माझ्या कानात काय सांगितलं असेल? पावलं सारखी टाक म्हणे!" असं काकू म्हणायच्या, आणि हे सांगताना त्या दर वेळी लाजायच्या. टाउनशिपमधल्या निम्म्या पंख्यांच्या पात्यांवर काकांनी तोलासाठी चिकटवलेले वायसर होते. गणपतीत मंडळाच्या मांडवातला पंखा डुलताना दिसला तेव्हा त्यांनी ऐन आरतीत स्टूल मागवलं. कुणीतरी कळवळून म्हणालं, "भाईसाहब, आरती तो हो जाने दीजिए!" काका वरूनच म्हणाले, "आरती कल भी होगी, पंखा आज गिरेगा." गणपतीसकट सगळे पाच मिनिटं थांबले.

अशा माणसाच्या हातात माझं भविष्य गेलं, त्याची हकिगत अशी. शहरातल्या एका कॉलेजात शाश्वत विकासाची पदवी नुकतीच सुरू झाली होती आणि मी हट्टानं तिथं नाव घातलं होतं. दुसऱ्या वर्षी सहा विषय आपले आपण निवडायचे होते. पाचांवर आमचं घरात जमलं. सहाव्यावरून मात्र बाबांचं आणि माझं बोलणं बंद झालं. बाबांना संख्याशास्त्र हवं होतं, कारण त्यावर नोकरी लागते. मला 'पाणी आणि वस्ती' हवा होता. त्यात दर शनिवारी वस्त्या-खेड्यांत हिंडून तिथलं पाणी कुठून येतं, कुणाला मिळतं, हे पाहायचं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत दोन दिवसांआड पाणी यायचं आणि आमची टाकी रोज सकाळी भरून वाहायची, कारण नळ बंद करायला उठायचा आम्हाला कंटाळा. हे असं का चालतं ते मला शिकायचं होतं. खरं सांगायचं तर त्या एका विषयासाठीच मी त्या कॉलेजात गेले होते. फॉर्म सोमवारी द्यायचा होता आणि त्यावर पालकांची सही लागत होती. शेवटी आईनंच तोडगा काढला, "काका म्हणतील तसं करा." बाबा लगेच कबूल झाले. काकांच्या तराजूवर त्यांचा देवाइतका विश्वास होता.

रविवारी दुपारी काका प्लायवुडची एक गोल चकती घेऊन आले. मधोमध खिळा, कडेला सहा खाचा. कॉलेजची पुस्तिका त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचली आणि तास मोजून प्रत्येक विषयाला वायसर दिले, सोप्याला एक, जडाला तीन. संख्याशास्त्र घातलं तेव्हा चकती खिळ्यावर कशी शांत बसली! बाबांनी माझ्याकडे न बघता मिशीवरून हात फिरवला. मग माझा विषय. शनिवारची पायपीट, उन्हातले तास, अहवाल असं सगळं धरून काकांनी त्याला पाच वायसर लावले आणि चकती एका बाजूला धाडकन कलली.

त्यांनी खाचा बदलल्या, बाकीचे विषय इकडचे तिकडे केले. चार वाजले, चहा झाला. चकती काही सरळ होईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बेबी, हाच पायजे तुला? बाकीचे पाची बदलून टाकले तर?"

"बदला काका. हा नका काढू."

 वायसरांसकट चकती खिळ्यावरून उतरवून काकांनी खिशातून पेन काढलं, चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती दुमडून चकतीला दोऱ्यानं बांधली आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, पास आहे. थरथर मर्यादेत आहे. द्या सही करून."

"अहो, पण तिरकी दिसत होती की!"

"तुम्ही पडलात ड्रॉइंगवाले. तुमचं सगळं कागदावर जागच्या जागी असतं. आमची वस्तू फिरती. ती फिरतानाच बघावी लागते."

बाबांनी सही केली. काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली चकती मी न उघडताच ट्रंकेत टाकली आणि फॉर्म भरायला बसले.

पुढं काका रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून ग्वाल्हेरला गेले. मी अजून तेच काम करते, वस्त्यांमधल्या पाण्याचं. बाबा आता साकेत नगरात राहतात. त्यांच्या हॉलमधला पंखा फार डुलतो आणि स्टूल मागणारं कुणी नाही. काका वारल्याचं कळलं त्या आठवड्यात मी ट्रंक उघडली. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण अक्षर स्वच्छ होतं.

वस्तू: बेबीचे सहा विषय.
थरथर: मर्यादेबाहेर.
निकाल: पास.
कारण: पोरीला पायजे आहे.

खाली त्यांची सही होती. तीच, जिच्यासाठी साहेब लोक ताटकळत. मला खूप रडू आलं. मग मी भिंतीत एक खिळा ठोकून चकती त्यावर लावली. ती धाडकन कलली. तशीच ठेवली आहे.