चालू गाडीतली भेट

आमच्याकडे जमीन सपाट आहे. तुमसरहून कुठेही निघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये एखादी बोडी, म्हणजे छोटं तळं, परत बांध्या. या सपाटीचं मला कधी काही वाटलं नव्हतं. बाबांनी दुसरी जुनी गाडी घेतली, आणि घरातले आम्ही तिघं उतार शोधायला लागलो.

गाडी घ्यायचं कारण आत्या होती. बाबांची मोठी बहीण. आजी गेली तेव्हा बाबा शाळेतही जायला लागले नव्हते. आत्याचं लग्न झालं तशी ती त्यांना करडीला सासरी घेऊन गेली. गावातल्या बाया तिला पुढे कितीतरी वर्षं ‘आंदणात भाऊ आणला’ म्हणून चिडवायच्या. दहावीपर्यंत बाबा तिच्याच घरी वाढले. मग ते तुमसरला आले आणि राइस मिलवाल्यांना बारदाना, म्हणजे रिकामी पोती, पुरवायचं दुकान टाकलं.

आधी आत्याच बसने आमच्याकडे यायची. गुडघे गेल्यावर तिला एसटीची पायरी चढवेना. मग बाबा जायला लागले. पण परतीची शेवटची बस लवकर असायची. जेवण झालं की बाबा घड्याळ बघायचे. “बस चुकंल, बाई,” हे वाक्य आत्याला मुळीच आवडायचं नाही.

“जेवायलेच येतं का रे तू?” ती म्हणायची. “बसणं त होतच नाही आपलं.”

बाबांना तिच्याजवळ निवांत बसायचं होतं. गाडी त्यासाठी.

पहिली एक व्हॅन होती. ती वैनगंगेच्या पुलावर तापायची. आम्ही कठड्याला टेकून बॉनेट थंड व्हायची वाट बघायचो, आणि करडीची बस आमच्या शेजारून निघून जायची. खिडकीतून ओळखीचे चेहरे वळून बघायचे. मी नदीकडे तोंड करून उभी राहायचे. वर्षभरात व्हॅन भंगारात गेली.

दुसरी गाडी बाबांनी नागपूरहून आणली. पांढरी, चकचकीत, आतून अत्तरासारखा वास. पहिल्यांदा करडीला नेली तेव्हा आत्या काठी टेकत तिच्याभोवती पूर्ण एक फेरी फिरली. समोर हळद-कुंकू लावलं. शेजारणीला हाक मारून म्हणाली, “पाह्य वं, माह्या भावाची गाडी. आता बस चुकंल म्हणायचं कामच नाही.” त्या दिवशी आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो. बाबा तिच्या खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. दुकानात किंवा घरी मी त्यांना तसं बसलेलं पाहिलेलं नाही.

पावसाळ्यात अत्तराचा वास गेला आणि खालून दुसराच आला, ओल्या पोत्यासारखा. मग सेल्फ लागेना. बॅटरी बदलली, सेल्फ दुरुस्त केला. आठ दिवस बरे जायचे आणि परत तेच. ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्ध्यावर येऊन थांबली, ती तिथेच राहिली.

दसऱ्याला पूजेसाठी आई गाडी पुसत होती. तिने मागची मॅट उचलली. खाली वाळलेला, बारीक गाळ होता.

“हे गाडी पाण्यात बुडली होती,” आई म्हणाली.

“धूळ हाय ते. रस्त्याची.”

“धूळ अशी थरानं बसत नाही.”

बाबांनी गाडीला झेंडूचा हार घातला. पुढे मेकॅनिकनेही तेच सांगितलं. पूर्ण वायरिंग काढावं लागेल, त्यापेक्षा विकून टाका. बघायला दोघं-तिघं आले. बाबा प्रत्येकाला आधी मॅट उचलून दाखवायचे. कोणी घेतली नाही.

धक्का मारला की मात्र ती सुरू व्हायची. उतारावर तर एकट्याने ढकलली तरी. म्हणून उतार. दुकानासमोर ट्रकसाठी केलेला चढ होता, रात्री गाडी तिथे उभी असायची. लग्नाला गेलो की बाबा मंडपापासून लांब, तलावाच्या पाळीवर, बांधाच्या उताराला, गाडी लावायचे. दिघोरीला आईचं माहेर पाळीला लागूनच आहे, तिकडे आमचं जाणं वाढलं. “माह्या माहेराचं नशीब उघडलं,” आई हसून म्हणायची. बाबा हसायचे नाहीत.

आत्याची गल्ली सपाट होती.

एकदा तिच्या दारात गाडी बंद केली आणि निघताना लागेना. गल्लीतली माणसं जमली. मी आणि आई खाली उतरलो. धक्का मारताना एक म्हातारा ओरडला, “गाडी हाय का बंडी? बैल जुंपा ना हिले!” सगळे हसले. गाडी गल्लीच्या टोकाशी सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा आत्या दारात नव्हती. इतर वेळी आम्ही दिसेनासे होईपर्यंत ती उभी असायची.

त्यानंतर बाबांनी तिच्या दारात गाडी बंद केली नाही.

बसने जाता आलं असतं. आई तसं म्हणालीही. “बसनं गेलो त गाव तिले विचारंल, गाडी विकली का भावानं,” एवढंच बाबा म्हणाले. म्हणून आम्ही गाडीनेच जायचो आणि गाडी चालू ठेवूनच भेटायचो. इंजिन मध्येच अडखळायचं, त्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय ठेवावा लागे. बाबा स्टिअरिंगवर आणि आत्या बाहेर, खिडकीशी. अर्ध्या काचेतून कप-बशी आत येईना, तर ती स्टीलच्या गिलासात चहा आणायला लागली.

“काहून रे, नवरदेवावानी घोड्यावरच बसून राहिला?” ती म्हणायची. “काय पायजे तुले? आंगठी पायजे का? सांग, मंग उतर.”

“बंद केली त लागणार नाही, बाई.”

“नाही लागली त राय एक रात. घर का परकं हाय?”

“उद्या दुकान हाय ना.”

मग ती मागच्या सीटकडे बघायची. “मॅडम, तू त उतर.” मी इंग्रजी शाळेत गेले म्हणून तिने मला ठेवलेलं हे नाव. मी आत जाऊन तिच्या खाटेवर बसायचे आणि माझ्या पुस्तकी मराठीत तिची तब्येत विचारायचे. पण तिचं लक्ष बाहेर, इंजिनच्या आवाजाकडे असायचं.

यंदाच्या हिवाळ्यात ती खाटेवरून उठेनाशी झाली. तोपर्यंत मी गाडी शिकले होते. बाबांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. “पाय उचलू नको,” म्हणाले आणि आईबरोबर आत गेले. उघड्या दारातून मला खाटेचं पायथ्याकडचं टोक आणि बाबांची पाठ दिसत होती. ते बसले नव्हते. इंजिनचा आवाज जरा खाली आला की त्यांची मान दाराकडे वळायची. मी पाय घट्ट दाबून धरला होता, तरी इंजिन एकदा खोकलं, आणि बाबा उंबऱ्यापर्यंत आले.

आतून आत्याचा आवाज आला. हळू, पण मला नीट ऐकू आला.

“जाय बाबू, जाय. गाडी बंद पडंल.”

बाबा तिथेच थोडे थांबले. मग येऊन माझ्या शेजारी बसले.

त्याच आठवड्यात सकाळी फोन आला. दुकानासमोरच्या उतारावरून गाडी निमूटपणे सुरू झाली. करडीला गल्लीत माणसं उभी होती, त्यांनी वाट दिली. बाबांनी गाडी दारासमोर आणली आणि चावी फिरवून बंद केली. इतका वेळ त्या आवाजाची सवय झालेली होती. तो थांबल्यावर आतलं रडणं एकदम जवळ आलं.

बाबा आत गेले आणि तिच्या उशाशी, जमिनीवर, मांडी घालून बसले. तिला उचलेपर्यंत हलले नाहीत.

दुपार कलताना, सगळं उरकल्यावर, बैल जुंपा म्हणणारा तोच म्हातारा दोन-तीन पोरांना घेऊन आला. “चला भाऊ, धक्का मारून देतो.”

“राहू द्या,” बाबा म्हणाले. “मी आज इथंच हाव.”

दुसऱ्या दिवशी मला नोकरीवर भंडाऱ्याला जायचं होतं, म्हणून आई आणि मी शेवटच्या बसने निघालो. गल्लीच्या टोकाशी मी वळून पाहिलं. गाडी दारात उभी होती, काच अर्धी खाली. बाबा दाराबाहेर काढलेल्या आत्याच्या रिकाम्या खाटेवर बसले होते, पाय खालीच सोडून.