खड्ड्यातला तिसरा माणूस

"घाटी होता म्हणून वाचला. करंटलाच झटका बसला असेल," शेजारच्या टेबलावरचा महेशभाई म्हणाला. कंपनीचे नकाशे काढतात त्या ड्रॉइंग हॉलमधले चार-पाच जण हसले.

मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. हातात शाईचं पेन. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो माझा बाप. त्या वेळी तो सिव्हिल हॉस्पिटलात होता. उजवा हात मनगटापासून कापलेला.

मीही हसले. थोडंसं. न हसलेलं त्यांच्या लक्षात आलं असतं.

ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मी सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, फी माफ करून. इंग्रजी स्वच्छ. त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं होतं की माझे वडील बँकेत वगैरे असतील. मी कधी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'सुद्धा म्हटलं नाही. नवागामची खोली, सामाईक नळ, लूमचा खडखडाट, हे मी ऑफिसच्या पायरीवर ठेवून आत जात असे. आबा धुळ्याकडून या गुजराती मुलखात लूमवर आले होते. लूम सुटलं तेव्हा केबलच्या ठेकेदाराकडे खड्ड्यावर लागले. ठेकेदार आमच्याच कंपनीचा. पण त्याच्या मस्टरवर आमच्या माणसांची आडनावं नसतात. नावापुढे 'मराठी' लिहितात, झालं. आबा तिथे 'भिका मराठी' होते. त्यामुळे माझं आडनाव वाचून कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

कंपनी वीज पोचवते आणि पाइपातून गॅसही. दोन्हींचा परवाना सरकारचा. दर सरकारच्या मंजुरीनं ठरतो, आणि त्या हद्दीत दुसऱ्या कुणाला तार ओढता येत नाही की नळी टाकता येत नाही. म्हणून सरकारला सतत कागद द्यावे लागतात. कोण कुणाच्या हाताखाली, कुठल्या कामाला कोण जबाबदार. या सगळ्याचा एक मोठा तक्ता असतो. वर डायरेक्टर. डावीकडे वीज, उजवीकडे गॅस. विजेखाली सबस्टेशन, कंट्रोल रूम, वितरण, मीटर. वितरणाखाली झोन, झोनखाली इंजिनिअर, इंजिनिअरखाली जॉइंटर म्हणजे केबल जोडणारा, आणि त्याचे दोन हेल्पर. तिथे तक्ता संपतो.

खड्डा मात्र त्याच्या खाली असतो.

अपघाताच्या दिवशी गॅसवाल्यांनी नळीसाठी चर खणला होता. कुदळ विजेच्या केबलला लागली. वितरणाचा जॉइंटर आला. काम सुरू करण्याआधी त्यानं कंट्रोल रूमकडून 'लाइन क्लिअर' घेतलं. म्हणजे पुरवठा बंद केल्याची चिठ्ठी. चिठ्ठी जॉइंटरच्या नावावर असते आणि ती परत केल्याशिवाय कुणी स्विच लावत नाही. परत करण्याआधी जॉइंटर खड्ड्याच्या काठावर उभा राहून चिठ्ठीवरच्या हेल्परांची नावं पुकारतो. ते 'ओ' देतात, वर येतात. चांगली पद्धत आहे. ठेकेदाराची माणसं चिठ्ठीवर नसतात. बाकीचे वर चढताना दिसले की त्यांनी आपलं आपण वर यायचं.

त्या दिवशी ऊन होतं म्हणून अर्ध्या खड्ड्यावर ताडपत्री टाकली होती. आबा तिच्याखाली, जोडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉकेलच्या चिंधीनं केबल पुसत होते. जॉइंटरनं दोन नावं पुकारली. दोन 'ओ' आले. त्यानं चिठ्ठी परत केली.

अपघात झाला की सरकारचा विद्युत निरीक्षक चौकशी करतो. त्याला तक्ता हवा होता, नवा, स्वच्छ इंग्रजीत. काम माझ्याकडे आलं.

मी तो तीन दिवस बसून काढला. जॉइंटरच्या खाली, हेल्परांच्या शेजारी, एक चौकट काढली. तुटक रेघांची. आत लिहिलं: ठेकेदाराचे मजूर. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं ते ठाऊक नाही. तेवढंच होतं.

मॅनेजर साहेब टेबलाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"बेन, आ खानुं नथी दोरवानुं." ही चौकट काढायची नाही.

"सर, ती माणसं कामावर असतात."

"असतात ना. कचऱ्याची गाडीपण असते गेटवर. ती तक्त्यात घालतो काय आपण?" मग हळूच, समजावल्यासारखं, "जॉब नवा आहे तुमचा. अक्षर फार सुंदर आहे. अक्षरापुरतंच ठेवा."

महेशभाईनं माझ्यापुढे अर्धं ब्लेड सरकवलं.

ट्रेसिंग पेपरवरची शाई रबरानं जात नाही. ब्लेडच्या कडेनं हळूहळू खरवडावी लागते. जोर जास्त झाला तर कागद फाटतो. मग नखानं घासून जागा गुळगुळीत करायची, म्हणजे अमोनियाची वाफ देऊन काढलेल्या प्रिंटमध्ये डाग येत नाही. मला हे काम छान जमायचं. मी ते छान केलं. प्रिंट निघाली तेव्हा तिथे काही होतं असं कुणाला कळलं नसतं.

कंपनीचा लेखी जबाबही माझ्याचकडे इंग्रजी नीट करायला आला. कंट्रोल रूमचं म्हणणं, चिठ्ठी परत आल्यावरच स्विच लावला. वितरणाचं म्हणणं, आमची दोन्ही माणसं वर होती. गॅसचं म्हणणं, चर आमचा, पण काम विजेचं. ठेकेदाराचं म्हणणं, आपण त्याला उतरायला सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाचं वाक्य आपापल्या जागी बरोबर. शेवटी लिहिलं होतं: एक अनधिकृत इसम खड्ड्यात शिरला असावा, केबलच्या तांब्यासाठी.

चोर. दोन शब्दांची स्पेलिंगं चुकली होती. ती मी सुधारली.

त्या संध्याकाळी मी वॉर्डात गेले. आईनं आबांना भाकर कुस्करून दिली होती. ते डाव्या हातानं खायला शिकत होते, आणि अर्धं अंगावर सांडत होतं. मी त्यांना जबाबातलं ते वाक्य सांगितलं. मला वाटलं होतं, ते चिडतील.

"कोनले काही सांगू नको," ते म्हणाले. "तुनी नोकरी जाई. मना हात गया, आते तू नको जाऊ."

"ते तुम्हाला चोर म्हणतात, आबा."

"म्हनू दे. मी कुठे वाचाले जास."

आई पदरानं त्यांच्या छातीवरचं सांडलेलं टिपत राहिली. वाचायला मी जात होते. रोज. तिथलं सगळं मी वाचत होते, सुधारत होते, सुंदर अक्षरात लिहीत होते. आबांना कुणी चोर म्हणत होतं तर ते माझ्या अक्षरात म्हणत होतं.

पुढे काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे कुणी आशा धरायला नको. निरीक्षकाच्या अहवालात 'अनधिकृत' हा शब्द तसाच राहिला. माझं प्रोबेशन पुरं झालं नाही. कामावरून काढल्याच्या पत्रात कारण लिहिलेलं नव्हतं. ठेकेदारानं नाव बदलून तेच काम पुन्हा घेतलं. आबा दिवसभर खोलीच्या दारात बसतात आणि कुणी आलं की उजवा हात सदऱ्याखाली घेतात. चिठ्ठीवर आजही दोनच नावं असतात.

चौकशी मीटिंग हॉलमध्ये झाली. तक्ता भिंतीला लावायला आणि निरीक्षकांनी बोट ठेवलं तर चौकट वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. मॅनेजर साहेब, जॉइंटर, ठेकेदार, सगळे होते. आबांना कुणी बोलावलं नव्हतं. निरीक्षक थकलेला माणूस होता. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत आले आणि हेल्परांच्या चौकटीपाशी थांबले.

"मग हा जखमी इसम कुठे येतो यात?"

"कुठेच नाही, साहेब," मॅनेजर म्हणाले. "बाहेरचा माणूस."

निरीक्षकांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. शाळेत असताना उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. अजूनही सुटता आलं असतं. चौकटी संपल्या होत्या, मला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी भिंतीशी उभी होते, तिथूनच बोलले. गुजरातीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"साहेब, लिहू नका. तो चोरीला उतरला नव्हता, त्याला कामाला उतरवलं होतं, रोज उतरवतात. इथे त्याची चौकट होती, ती मी या हातानं खरवडली, मॅनेजर साहेबांनी सांगितलं म्हणून. तो माझा बाप आहे. हे माझ्या नावानं लिहून घ्या, मी सही करते."