बेशुद्ध पडलेल्या बाईला उठवताना

आधीच माफी मागतो. रहस्यकथांवर लिहिणारा मी कोण? आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि या जुन्या कथाही मला उशिराच सापडल्या, कॉलेजच्या ग्रंथालयात, अगदी खालच्या कप्प्यात. मला त्यातलं फार कळतं असं नाही. पण त्यातल्या बायका मनातून जात नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी फुलंब्रीजवळच्या आमच्या गावी होतो. धाकटी बहीण पोलीस भरतीची तयारी करत होती. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिला परीक्षेला एकदाच बसायची परवानगी दिली होती. नाव लागलं तर नोकरी, नाहीतर वेरूळकडचं स्थळ.

पहाटे ती पळायची आणि मी शेजारून सायकल चालवायचो. तिला कंटाळा येऊ नये म्हणून वाचलेली गोष्ट सांगायचो. धुकं कपाशीच्या रानावर इतकं खाली उतरलेलं असायचं, की फुटलेली बोंडं तेवढी वर तरंगताना दिसायची. माझी झोप पुरती उतरलेली नसायची. मग त्या रानातच गोष्टीतला बंगला उभा राहायचा, जिन्यावर पांढऱ्या झग्यातली बाई दिसायची. रस्ता रोजचाच, पण दुसऱ्याच कुठल्या देशात चाललाय असं वाटायचं.

"मग ती बाई प्रेत बघते आणि बेशुद्ध पडते," मी सांगितलं.

"परत?" ती धापा टाकत म्हणाली. "कालचीबी पडली व्हती. जेवत नायत का त्या?"

"जुन्या गोष्टींत असंच असतं."

"आन् गुप्तहेर?"

"तिच्या तोंडावर पाणी मारतो. मग तपासाला लागतो."

"मुडदा तिच्या घरात, आन् तिलाच कुणी इचारत नाय. तिला उठव, दादा."

"पुस्तकात नाही उठत."

"पुस्तक घरी हाय. हितं तू हाईस. उठव."

मी उठवली. झग्याचा घोळ हातात धरून ती बाई धुक्यातून आमच्याबरोबर येऊ लागली. पुढं काय करते ते मला माहीत नव्हतं. बहीणच सांगत गेली, दम लागेल तसं, तुकड्या-तुकड्यांनी. वाचताना मीही त्या बाईला ओलांडून गुप्तहेराच्या मागं गेलो होतो, हे तेव्हा लक्षात आलं. एका गोष्टीत मोलकरणीनं सगळं पाहिलेलं असतं. ती 'मला काही सांगायचंय' म्हणते, आणि पुढच्याच प्रकरणात मेलेली सापडते. त्या बायका बोलल्या असत्या तर पुस्तक लवकर संपलं असतं, एवढंच कारण असेल का? नक्की सांगता येत नाही.

सुट्टी संपली. मी कॉलेजला, चिकलठाण्याच्या खोलीवर परतलो. बहीण मैदानी चाचणीत पास झाली, मग लेखी परीक्षाही दिली. निकाल मात्र लागेना. फोन केला की ती म्हणायची, "अजून नाय," आणि आईकडं द्यायची. वर्गात बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांपुढं तोच पांढरा रस्ता यायचा.

एका दुपारी आण्णांचा फोन आला. ते स्वतःहून कधी करत नाहीत.

"लेखीला राहिली. नाव नाय लागलं," ते म्हणाले.

मग म्हणाले, "वेरूळचे पाव्हणे आले व्हते."

"मग?"

"तिनंच सांगितलं त्यास्नी, समोर बसून. म्हणली, मी परत परीक्षेला बसनार हाय, तुमी माझ्यासाठी थांबू नका."

"तुम्ही काय म्हणालात, आण्णा?"

"म्या काय म्हननार? पाव्हण्यास्नी फाट्यापर्यंत सोडून आलो."