गोलपोस्टवर साहेबांचा फोटो

रोह्याला जायचं ठरलं ते मावसबहिणीच्या फोनमुळे. शुभांगी तिथल्या शाळेत मुलींना हँडबॉल शिकवते. म्हणाली, "हेल्मुट आलाय लेकीकडे. ती इथल्या कंपनीत इंजिनिअर आहे. रविवारी माझ्या पोरींची मॅच बघणारे." हेल्मुट म्हणजे जर्मनीचा निवृत्त हँडबॉल गोलकीपर. तिकडे त्याला धड भाजी आणायला जाता येत नाही, लोक सहीसाठी अडवतात. त्याच्या मॅचेस बघूनच मी कॉलेजात गोलात उभी राहायला शिकले. निघाले.

वाटेत पेणला उतरले, त्याच्यासाठी गणेशमूर्ती घ्यायला. (रस्त्याबद्दल लिहीत नाही, शिव्या छापायला ब्लॉग काढलेला नाही.) पोह्याचे पापड मात्र घ्याच. कारखान्यातले काका वीतभर मूर्ती कागदात गुंडाळत म्हणाले, "कोनाला देनार?"

"हँडबॉल खेळाडूला."

"हँडबॉल म्हंजे फाउल ना? त्यात खेलाडू कसला गो?"

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

पेणहून रोह्याला रेल्वेनेच जा. तिकीट स्वस्त, खिडकीतून भातखाचरं, आणि निडी स्टेशन गेलं की सामान उचलायचं.

मैदानावर पोचले आणि डोकंच फिरलं. मैदानभर मांडव. सतरंजीवर खुर्च्या, मागे बॅनर: "जर्मन फुटबॉलपटूचा भव्य सत्कार". हेल्मुटचा फोटो सुपारीएवढा, सत्कार करणाऱ्या मंडळाच्या साहेबांचा सुपाएवढा. मुली खेळाचे कपडे घालून कडेला ताटकळत उभ्या. कॅप्टन मानसीचा बाप पहिल्यांदाच खेळ बघायला आला होता. आज काही दिसलं नाही तर खेळ बंद, असं त्याने घरी बजावलं होतं.

"गोलपोस्ट कुठे गेले?" मी शुभांगीला विचारलं.

"उपटले. त्यांनाच बॅनर बांधलाय." तिचे डोळे लाल झाले होते.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "पोरी रोजच खेलतात म्याडम. पाहुना रोज येतो व्हय?"

"पाहुणा त्यांचा खेळ बघायला आलाय, तुमची भाषणं ऐकायला नाही."

त्यांनी शांतपणे माझ्या हातात नारळाचं ताट दिलं. ते तिथेच आपटावंसं वाटलं.

भाषणं संपेनात. एकाने तर व्हॉलीबॉल म्हटलं. मग शाल, फेटा, मी आणलेली मूर्ती आणि सेल्फीवाल्यांची रांग. ज्याच्यासाठी हॉल भरायचे, त्याचा आम्ही शोभेचा पाहुणा केला. तो बिचारा हसत होता.

फोटोसाठी मागे सरकताना त्याचा हात खांबाला लागला. त्याने बॅनरची कड उचलली. खाली गोलपोस्टचे लाल-पांढरे पट्टे. त्याचं हसू गेलं. मुलींकडे बघितलं, फेटा काढून साहेबांच्या हातात दिला, खुर्च्या बाजूला सारल्या आणि बॅनरसमोर हात पसरून उभा राहिला.

कोणाला भाषांतर लागलं नाही. मानसीने बॉल उचलला. पहिला त्याने हाताने अडवला, दुसरा गुडघ्याने. तिसरा त्याच्या कानाजवळून गेला आणि साहेबांच्या नाकातून आरपार.

हेल्मुट टाळ्या वाजवत होता. "बॅनर फाटला!" साहेब ओरडले. मागून मानसीच्या बापाचा आवाज आला, "परत मार गो."

घरी आले तरी राग उतरलेला नाही. तीन थ्रो म्हणजे मॅच नव्हे, आणि पेपरात आलं तेही "फुटबॉलपटूचा सत्कार उत्साहात". काल शुभांगीचा फोन आला. गोलपोस्ट परत रोवलेत, पण जाळी कुठे टाकली ते मंडळात कोणाला आठवत नाही. म्हणून पोरींनी मागे तोच बॅनर बांधलाय. मानसीचा खेळ अजून सुरू आहे. रोज नाकाच्या भोकावर नेम धरते.