एफ ब्लॉकची जागा

सक्करदऱ्याला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक सर रसायनशास्त्राची शिकवणी घेतात. मला ते आवडतात असं म्हणता येणार नाही. आवर्त सारणीचा छापील तक्ता त्यांना चालत नाही. पार्किंगमधली लांब भिंत हाच त्यांचा फळा. त्यापायी माझी स्कूटर रोज बाजूला ढकललेली असते आणि सीटवर खडूची भुकटी.

"एफ ब्लॉकच्या ह्या दोन ओळी तक्त्यात खाली काहून टाकल्या गा?" ते मुलांना विचारतात.

"वेगळ्या आहेत म्हणून, सर."

"वेगळ्या नाही. कागद पुरला नाही म्हणून. त्यायची जागा वर आहे, एस आन् डीच्या मधात." मग भिंतीवर सारणी लांबवून ते त्या ओळी मध्ये बसवतात.

यंदा गणपतीच्या जेवणाला चौकीदार, त्याची बायको आणि भांडीवाल्या बाया यांची पानं पंपाच्या खोलीपाशी वेगळी मांडली होती.

"इथं जागा नाही ना, सर," सेक्रेटरी म्हणाले.

सर आमच्या पंगतीसमोर येऊन उभे राहिले. "सरका गा थोडं."

पंगत कुरकुरली, पण सरकली. माझ्या स्कूटरसारखा मीही सरकलो. जागा होती.